पाचारण देवाचं असेल तर पहाटे धडकी का भरते?

रात्रपाळी

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

मी नर्स आहे, अतिदक्षता विभागात. मुलगा शाळेत आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात. घर दोन पगारांवर चालतं आणि त्यातला माझा थोडा मोठा. हे आधीच सांगते, कारण प्रश्न नुसता प्रार्थनेचा नाही, घराचाही आहे.

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काही जणांनी मिळून शेवटच्या आजारातल्या माणसांसाठी एक छोटं सेवाघर सुरू केलंय. ज्यांचे उपचार संपलेत आणि ज्यांचं जवळ कोणी नाही, अशांसाठी. तिथे पूर्णवेळ नर्स हवी आहे. मानधन माझ्या आताच्या पगाराच्या जवळपासही नाही. मला कोणी विचारलं नव्हतं. उपासनेत ही गरज नुसती वाचून दाखवली आणि त्यानंतरचं मला काही ऐकूच आलं नाही.

यामागे एक प्रसंग आहे. एका रात्री एका वयस्कर गृहस्थांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला आणि 'तेविसावं' एवढंच म्हणाले. मला कळलं, बायबलमधलं तेविसावं स्तोत्र. मी ते म्हणायला लागले, तेही माझ्याबरोबर ओठ हलवत होते. मृत्युछायेच्या दरीच्या ओळीपर्यंत आलो आणि शेजारच्या बेडचा मॉनिटर वाजला. मी 'आलेच' म्हणून गेले. तिकडे सीपीआर सुरू झाला. परत येईपर्यंत ते गेले होते. यात चूक कोणाचीच नव्हती. आमच्या विभागाचं काम तसंच आहे, जो वाचू शकतो त्याच्याकडे आधी धावायचं. पण तेव्हापासून सारखं वाटतं, ज्यांच्याकडे धावून जाण्यासारखं आता काही उरलेलं नाही, त्यांच्यापाशी बसायला देव मला बोलावतोय.

प्रार्थनेत असते तेव्हा हे सगळं स्वच्छ दिसतं. पण पहाटे तीनच्या सुमाराला वॉर्ड शांत झाला की छातीत धडधड सुरू होते. मुलाची फी, सासूबाईंची औषधं. नवरा 'नाही' म्हणत नाही, 'तू ठरव' म्हणतो आणि गप्प होतो. सासूबाईंना अजून काहीच सांगितलेलं नाही.

त्यात मंडळीतल्या एका ताईंनी सांगितलं, "शांती वाटत नसेल तर ते देवाकडचं नाही. देवाचं असेल तर आतून शांती असतेच." त्यांनी प्रेमानेच सांगितलं. पण तेव्हापासून मला घाबरण्याचीच भीती बसलीय. जरा धडधड झाली की वाटतं, बघ, हे देवाचं नाहीच.

पाचारण, म्हणजे देवाचं हे बोलावणं, खरं असेल तर भीती जाते का? की भीतीसकट निघायचं असतं? आणि ती शांती मिळते कधी, निघण्याआधी की नंतर?

---

कोरी वही

ताई, थोडं वेगळं बोलते, वाईट वाटून घेऊ नका.

एखाद्या सेवेचं ओझं मनावर आलं म्हणजे राजीनामा द्यायचाच, हे कुठून आलं? मार्कच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात तो भूतग्रस्त माणूस आहे ना, कबरींमध्ये राहणारा. बरा झाल्यावर तो येशूला विनवतो, मला तुमच्याबरोबर येऊ द्या. यापेक्षा चांगली इच्छा कोणती असणार? आणि येशू त्याला नाही म्हणतो. घरी जा, आपल्या माणसांना सांग, म्हणतो. प्रेषित पौलसुद्धा करिंथ शहरात तंबू शिवून पोट भरत होता आणि सेवाही करत होता.

मलाही एकदा सगळं सोडून जावंसं वाटलं होतं. खूप प्रार्थनेनंतर मी जिथे होते तिथेच राहिले, आणि तेच माझं पाचारण आहे हे आज मी पूर्ण मनाने सांगते. तुमच्या त्या विभागात स्तोत्र म्हणणारी नर्स असणं ही छोटी गोष्ट नाही. तुम्ही गेलात तर तिथे कोण म्हणणार, याचाही विचार करा.

---

दिवेलागण

रात्रपाळी ताई, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. मी पूर्वी बँकेत अधिकारी होते, आता एका रुग्णालयात रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या आध्यात्मिक सोबतीचं काम करते. त्यामुळे त्या पहाटे तीनची मला चांगली ओळख आहे.

'कोरी वही' यांचं म्हणणं खरं आहे. ते बाजूला सारू नका. पण तुमचा मूळ प्रश्न भीतीचा आहे, म्हणून त्यावरच लिहिते.

बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा सहावा आणि सातवा अध्याय एका बैठकीत वाचा. गिदोन. आपण त्याला तीनशे माणसांचा शूर सरदार म्हणून ओळखतो. पण तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा काय करत असतो? इस्राएलाला लुटणाऱ्या मिद्यानी लोकांच्या नजरेला पडू नये म्हणून द्राक्षकुंडात लपून गहू झोडत असतो. आणि देवदूत त्याला हाक मारतो ती 'पराक्रमी वीरा' अशी. त्या क्षणी त्याच्यात पराक्रमाचं काहीच दिसत नाही. माझं कुळ सर्वात दुबळं, घरात मी सर्वात लहान, हेच त्याचं उत्तर.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. अर्पण अग्नीने भस्म होतं, आपण देवदूताला समोरासमोर पाहिलं हे गिदोनाला कळतं आणि तो हादरतो. तेव्हा परमेश्वर त्याला म्हणतो, तुला शांती असो, भिऊ नको. गिदोन तिथे वेदी बांधतो आणि तिला नाव देतो 'परमेश्वर शांती आहे'. हे लढाई जिंकल्यावरचं नाही हो. अजून एक माणूसही जमलेला नाही. मिद्यानी तिथेच आहेत, टोळधाडीसारखे पसरलेले. शांतीची वेदी आधी बांधली गेली.

म्हणजे त्यानंतर त्याची भीती गेली का? अजिबात नाही. त्याच रात्री त्याला बआल या परक्या दैवताची वेदी मोडायला सांगितलं जातं. ती वेदी कोणाची, तर त्याच्या बापाचीच. तो दहा चाकर घेतो आणि काम रात्री करतो. शास्त्र स्पष्ट सांगतं, घरच्यांना आणि गावकऱ्यांना भिऊन त्याने ते दिवसा केलं नाही. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. देव त्याला म्हणत नाही की रात्री केलंस म्हणून ते धरणार नाही, पुन्हा दिवसा कर. घाबरत केलेलं आज्ञापालनही देवाने आज्ञापालन म्हणूनच स्वीकारलं.

आणि सकाळी काय होतं? लोक त्याच्या जिवावर उठतात, तेव्हा त्याच्या बाजूने उभा राहतो तो योवाश. ज्याची वेदी मोडली तोच बाप. ज्याची सगळ्यात धास्ती होती, तोच पाठीशी आला.

नंतर तो देवाकडे लोकरीची खूण मागतो, तीही दोनदा: आधी दव फक्त लोकरीवर पडावं, मग फक्त जमिनीवर. मग लढायला जमलेल्या बत्तीस हजारांतले बावीस हजार भितात म्हणून परत जातात. उरलेल्या दहा हजारांतून तीनशे राहतात. आणि अगदी लढाईच्याच रात्री देव म्हणतो, खाली छावणीवर जायला भीत असशील तर तुझा चाकर पुरा याला बरोबर घेऊन जा. पुढे काय, तर गिदोन पुराला घेऊन गेला. म्हणजे त्या रात्रीही तो भ्यालेला होता! देवाला ते माहीत होतं आणि त्याची सोय देवानेच आधी करून ठेवली होती.

म्हणून त्या ताईंचं वाक्य मी थोडं बदलून सांगेन. देव शांती देतो हे खरं. पण शांती आली की छातीतली धडधड थांबते, असं शास्त्रात मला कुठे सापडलं नाही. पौल करिंथकरांना स्वतः लिहितो की मी तुमच्याकडे अशक्तपणात, भीतीत आणि थरथरत आलो होतो. वधस्तंभाआधी गेथशेमाने बागेत तर प्रभू येशूच व्याकूळ झाला होता. तो घाम, ती विनवणी, मित्रांना 'जागे राहा' म्हणणं, हे सगळं पित्याच्या इच्छेच्या आत उभं राहूनच चाललं होतं, बाहेर जाऊन नाही.

मग शांती ओळखायची कशी? मी माझ्यापुरतं सांगते. राजीनाम्यावर सही करताना माझा हात इतका कापला की सही वेगळीच उठली. आयुष्यभर लोकांच्या सह्या जुळवून पाहिल्यामुळे ते माझ्या लगेच लक्षात आलं. दुसऱ्या कागदावर पुन्हा केली, तीही तशीच. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट मला कळत होती. हा कागद फाडून टाकायची मुभा मला होती, आणि फाडायचं नव्हतं. भीती हातात होती, मनाच्या तळाशी नव्हती. ती गोष्ट दुसऱ्या दिवशीही तशीच होती, पुढच्या महिन्यातही. भीती यायची, जायची, पुन्हा यायची. ते मात्र हललं नाही.

तुमच्या बाबतीत ते न हलणारं काय आहे, ते बघा.

---

मेंढवाडा

सलाम, ताई. मी निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, आहे. दिवेलागण ताईंनी गिदोनाबद्दल जे लिहिलं त्यात मला भर घालायची नाही. मला तुमच्या झोपेबद्दल आणि तुमच्या नवऱ्याबद्दल बोलायचं आहे.

आधी झोप. बायबलमध्ये १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळतो आणि एका झुडपाखाली बसून मरण मागतो. थोड्याच आधी त्याने कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिलाय, तरी. देव त्याला उपदेश करत नाही. दूत येतो, भाकर आणि पाणी देतो, एलीया पुन्हा झोपतो, दूत पुन्हा उठवून खायला घालतो. कारण काय, तर पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. ते मंद वाणीतलं बोलणं त्यानंतर, डोंगरावर पोहोचल्यावर. रात्रपाळीत पहाटे तीनला देवाचं पाचारण तपासायला बसू नका. त्या वेळी तुमचं शरीर बोलत असतं, आणि ते थकलेलं आहे.

कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला आमच्या पंथाचे नव्हेत, पण त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकलो. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या ते कधी सरदारकीची, मानाची स्वप्नं बघत, कधी संतांसारखं जगायचे विचार करत. विचार चालू असेपर्यंत दोन्ही गोडच लागत. पण पहिल्या प्रकारानंतर मन कोरडं पडे आणि दुसऱ्यानंतर समाधान टिकून राही. तिथून त्यांनी मन पारखायला सुरुवात केली. त्यांचा एक नियम मी मंडळीत कित्येकांना सांगितला आहे. मन अंधारात असेल तेव्हा आधी उजेडात घेतलेला निर्णय बदलायचा नाही. त्याचबरोबर, उत्साहाच्या भरात शब्द देऊन बसू नका, हेही तेच सांगतात.

आता घर. निर्गमाच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायात मोशे किती कारणं सांगतो, तुम्हाला माहीतच आहे. मी कोण, तुझं नाव काय सांगू, ते विश्वास ठेवणार नाहीत, मला बोलता येत नाही, आणि शेवटी, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. देव त्या शेवटच्यावर रागावतो, तरीही त्याचा भाऊ अहरोन याला सोबत देतो. पण त्यानंतरचं एक वचन आपण घाईत वाचून पुढे जातो. जळत्या झुडपातून देव बोललाय, काठीचा साप झालाय, आणि मोशे पहिल्यांदा कुठे जातो? सासऱ्याकडे. इथ्रोकडे जाऊन जायची परवानगी मागतो. आणि इथ्रो म्हणतो, शांतीने जा.

सर्वसमर्थ देवाने पाठवलेला माणूस सासऱ्याला विचारून निघतो. त्याचं पाचारण त्यामुळे कमी झालं नाही. तुम्ही विचारलंत शांती कधी मिळते. कधी कधी ती घरच्या माणसाच्या तोंडून येते, आणि ती मागायला आपल्याला जावं लागतं.

नारायण वामन टिळकांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जे धैर्य लागलं ते आपल्याला कल्पनेतही पेलणार नाही. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ती बातमी नंतर कळली, आणि त्यानंतरची ताटातुटीची वर्षं त्या माऊलीने कशी काढली हेही आपल्याला माहीत आहे. पुढे त्यांनी स्वतःच्या पावलांनी ख्रिस्ताची वाट धरली, ही देवाची कृपा. तरी पाचारण आलेल्या प्रत्येकाला मी सांगत आलो, टिळकांकडून धैर्य घ्या आणि लक्ष्मीबाईंची आठवण ठेवून घरी बोला.

तुमचा नवरा 'तू ठरव' म्हणून गप्प बसतो. ते गप्प बसणं म्हणजे होकार नाही आणि नकारही नाही. त्याच्या मनात काय आहे ते विचारा. त्याला पटवायला जाऊ नका. विचारा.

आणि एकट्याने ठरवू नका. अंत्युखिया शहरात पौल आणि बर्णबा यांना सेवेसाठी वेगळं केलं तेव्हा तिथल्या मंडळीतले संदेष्टे आणि शिक्षक मिळून उपास आणि प्रार्थना करत होते. त्यांनी हात ठेवले, मग पाठवलं. तुमच्या पाळकांकडे जा.

---

रात्रपाळी

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी घरी बोलायचं ठरवलं होतं.

नवऱ्याला त्या गृहस्थांची गोष्ट मी कधी सांगितलीच नव्हती. नुसतं 'मला तिथे जावंसं वाटतं' एवढंच म्हणत होते. या वेळी सगळं सांगितलं आणि मेंढवाडा काकांनी सांगितल्याप्रमाणे विचारलं, की तुझ्या मनात काय आहे. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, त्याच्या ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे. मला आणखी काळजी नको म्हणून बोलला नव्हता. मी समजत होते त्याला माझं पाचारण पटत नाही. आणि तो बिचारा एकटाच घाबरत बसला होता.

मग आम्ही दोघांनी प्रार्थना केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्हाला वाटणारी भीती देवापुढे नाव घेऊन मांडलेली ही पहिलीच वेळ.

सासूबाईंनाही सांगितलं. वाटलं होतं आधी पैशांचं विचारतील. त्यांनी विचारलं, "रात्री त्या लोकांजवळ कोण असतं गं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मी ते विचारलंच नव्हतं. आता विचारलं. रात्री कोणी नसतं. एक मदतनीस बाई बाहेरच्या खोलीत झोपतात.

'कोरी वही' ताई, तुमचं लिहिणं मला आवडलं नव्हतं, खरं सांगते. पण तेच सर्वात जास्त वेळ डोक्यात राहिलं. नवऱ्याच्या नोकरीचं नक्की होईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. तोवर माझ्या सुट्टीच्या रात्री सेवाघरात जायचं. पाळकांशी बोललो, ते पुढच्या आठवड्यात सेवाघर चालवणाऱ्यांशी बसवून देणार आहेत.

धडधड अजून आहे. काल पहाटेही होती. पण तिच्यावरून मी आता काही ठरवत नाही.

दिवेलागण ताई, एक शंका आहे. सगळे सांगतात, आज्ञा पाळली की मग शांती मिळते. तिथे जाऊनही ती आली नाही तर? मग समजायचं काय?

---

दिवेलागण

तुमच्या सासूबाईंना माझा सलाम सांगा. त्यांनी नेमकं विचारलं.

तुमच्या शंकेला मी गोड उत्तर देणार नाही, कारण तुम्ही मरणाच्या दारात बसायला निघाला आहात. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना रेल्वेत जे पाचारण झालं, त्याबद्दल त्यांना कधी शंका नव्हती. तरी परवानगी मिळायला १९४८ उजाडलं. मधली दोन वर्षं त्या शाळेचं काम करत आज्ञेत थांबल्या. परवानगी मिळाल्यावरही आधी पाटण्याला जाऊन थोडा काळ शुश्रूषेचं शिक्षण घेतलं, ते तर तुमच्याकडे आहेच. त्यांचा संघ रीतसर उभा राहिला तो १९५० साली.

आणि त्यांची पत्रं २००७ साली प्रकाशित झाली तेव्हा जगाला कळलं, की काम सुरू झाल्यापासून पुढे कित्येक दशकं त्यांना आत देवाची जवळीक जाणवत नव्हती. अंधार होता. त्यांनी तो आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांपाशी उघड केला आणि रोज सकाळी उठून प्रार्थनेला आणि कामाला गेल्या. पाचारण चुकलं असं त्यांनी त्यावरून ठरवलं नाही.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. बहुतेकांच्या वाट्याला इतका अंधार येत नाही, माझ्याही आला नाही. पण शांती वाटण्याच्या अटीवर जाऊ नका, एवढंच. कोणाजवळ बसायला बोलावलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे जाऊन मन भरून आलं तर देवाचे आभार माना. नाही आलं तरी त्या माणसाच्या हाताला तुमचा हात लागलेला असेलच.

सुट्टीच्या रात्री जायचं हे चांगलं ठरवलंत. मात्र रात्रपाळी संपवून त्याच दिवशी रात्री तिकडे जाऊ नका.

---

कोरी वही

ताई, आवडलं नाही हे सरळ सांगितलंत, बरं वाटलं. मी सेवेसाठी प्रवास करू शकत नाही, पण रात्रीची जागी असते. तुमची सेवाघरातली पहिली रात्र कोणती ते कळवा. त्या रात्री मी तुमच्या कुटुंबाची नावं घेऊन प्रार्थनेला बसेन, तुमच्या मिस्टरांच्या नोकरीसाठीही.

---

मेंढवाडा

पाळकांबरोबरच्या बैठकीत दोन गोष्टी विचारून घ्या. रात्री कोणाची तब्येत अचानक बिघडली तर डॉक्टर कोण आणि किती वेळात येतात. आणि वेदनाशामकं द्यायचे लेखी आदेश कोणाकडे असतात. हे स्पष्ट नसेल तर होईपर्यंत थांबा, संकोच करू नका. शक्य असेल तर नवऱ्यालाही त्या बैठकीला घेऊन जा.